मंडईतला विडा

२७ ऑक्टोबर २०२५

दुलीचंद शेठनी आज कॅबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. महत्त्वाचं बोलायचं असलं की ते दाराबरोबर पंखाही बंद करतात. पंख्याचा यात काय संबंध, ते मला अजून कळलेलं नाही.

गिरणीसाठी कलर सॉर्टर घ्यायचं ठरलं आहे. मशीन कोइमतूरहून डिसेंबरात येईल आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होईल. बसवून घेणं, जुळवणं, चालवणं माझ्याकडे. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून मी नागपूरला नोकरी केली, आईच्या आजारपणात आमगावला परत आले, आणि तेव्हापासून या भात गिरणीत बॉयलरचे काटे वाचते आहे. त्यामुळे आज मला आनंद झाला. तो लिहून ठेवते, कारण पुढे कधीतरी तो झालाच नव्हता असं मी स्वतःला सांगू शकते.

मशीनचं काम समजायला सोपं आहे. तांदूळ उतरत्या पन्हळीवरून घसरत येतो. काचेमागचे कॅमेरे प्रत्येक दाणा पाहतात. दाणा काळा किंवा पिवळा असला की हवेचा बारीक फवारा त्याला उडवून बाजूला टाकतो. आज हेच काम निवड शेडमधल्या बारा बाया सुपं घेऊन करतात.

शेठ शेवटी म्हणाले, "मॅडम, बात शेड में नहीं जानी चाहिए. अभी मालूम पड़ा तो सब मिरची तोड़ने निकल जाएँगी. दो महीने का माल कौन चुनेगा?"

मी होकारार्थी मान हलवली. शेठनी पंखा लावला.

२ नोव्हेंबर

मिरचीचं लिहून ठेवायला हवं, म्हणजे माझा हिशोब मला स्पष्ट राहील.

धान कापून झालं की आमच्या भागातल्या बाया टोळीनं तेलंगणात मिरची तोडायला जातात. नवीन वर्षाच्या सुरुवातीला निघतात, होळीच्या आगेमागे परततात. शेडमधल्या बायाही जात. गिरणीत हिवाळाभर निवडीचं काम मिळायला लागलं तशा त्या थांबल्या. घर सुटत नाही, हाताची आग होत नाही, आणि शनिवारी सूपभर कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, घरी नेता येते.

शेडमध्ये कुणीही प्रमुख नाही, पण सगळ्या फुलवंता मडावीकडे पाहून उठतात आणि तिच्याकडे पाहून बसतात. ती मूळची इटियाडोह धरणाकडची, जंगलपट्टीतल्या गोंड घरातली. तिच्या शेजारी, दाराच्या उजेडात, सावित्रीबाई बसते. ती सर्वांत म्हातारी आहे आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तिनं निवडलेलं सूप फुलवंता बोलता बोलता आपल्याकडे ओढते, एकदा बोटं फिरवते आणि परत सरकवते. मी हे पाहिलेलं आहे. कुणाला सांगितलेलं नाही. गप्प राहणं प्रत्येक वेळी वाईट नसतं, याचं हे एक उदाहरण माझ्याकडे आहे.

८ नोव्हेंबर

फुलवंता आता राहते त्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, होती. तिनं शेडमध्ये मला आग्रह केला होता आणि आईलाही तिथला दंडारीचा खेळ पाहायचा होता, म्हणून दुपारी तिला स्कूटीवर घेऊन गेले. शिंगाडे, उसाच्या मोळ्या, जिलेबीचा धूर, ढोलकी. आई बऱ्याच दिवसांनी मोकळी हसली.

पिंपळाखाली मुकादम योगराज विड्यांचं ताट घेऊन बसला होता. मिरचीच्या टोळीची नावं तो मंडईतच घेतो आणि ती लिहीत नाही. त्याच्या हातचा विडा खाल्ला की नाव पक्कं. मग बाई मागे हटत नाही आणि तोही तिला मागे सोडत नाही. विडा परत ठेवला तर तो दुसरीचा होतो. त्या वर्षी तो पुन्हा पुढे करत नाही. त्याच्या टोळीत जागा मिळावी म्हणून बाया धडपडतात, कारण त्याचा शेतमालक ठरलेला आहे. राहायला पक्की खोली असते, मोटारीचं पाणी असतं, कुणी आजारी पडलं तर योगराज स्वतः दवाखान्यात नेतो.

त्यानं फुलवंताला विडा दिला आणि गिरणीत बसून तिचे पाय आखडले असतील म्हणून चिडवलं. ती म्हणाली, "मिरचीनं हाताची आग होते, गिरणीत डोऱ्याइची. कायची आग करू, तूच सांग." भोवतालच्या बाया हसल्या. शेडमधल्या बहुतेक सगळ्या तिथे होत्या आणि ती काय करते ते पाहत होत्या.

मग तिनं मला पाहिलं. विडा तिच्या हातातच होता.

"मॅडम, तुमीच सांगा. खाऊ का? गिरणीत काम हाय ना यंदा?"

मी म्हणाले, "यंदा धान भरपूर आलंय."

ती हसली आणि विडा ताटात ठेवला. तिच्या मागच्यांनी मग हातही पुढे केले नाहीत. योगराजनं ताट दुसरीकडे वळवलं.

परत येताना आईनं मागून आमच्या पोवारी बोलीत विचारलं, की ती बाई कामाचं विचारत होती, तू धानाचं का सांगितलंस. समोरून ट्रॅक्टर येत होता. मी स्कूटी कडेला घेतली.

९ नोव्हेंबर

वाक्य तपासलं. यंदा धान खरोखर भरपूर आलं आहे. गोदाम भरलं आहे, आवारात थप्प्या लागल्या आहेत. मी खोटं बोललेले नाही.

१३ नोव्हेंबर

पुन्हा तपासलं. वाक्य खरं आहे. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं मात्र ते उत्तर नाही.

तरी माझी बाजू अशी: मशीनचा निर्णय शेठचा, गुप्तता शेठची. मी पगारी माणूस आहे. शिवाय मशीन वेळेवर येईलच असं नाही. आलं तरी आमच्या तांदळावर नीट चालेलच असंही नाही. हे शेवटचं मी लिहिलं, पण मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. ते नीट चालेल. मी चालवणार आहे.

२१ नोव्हेंबर

मशीनला आमचा तांदूळ शिकवावा लागतो. चांगला दाणा कोणता, काळा कोणता, पिवळा कोणता, खडूसारखा पांढरा कोणता, याचे नमुने कॅमेऱ्यापुढे ठेवायचे. ते नमुने हातानंच निवडावे लागतात. शेठचा मुलगा भुपेंद्र यानं प्रत्येक बाईला एकेक ताट दिलं आणि सांगितलं की कंपनीची माणसं पाहणार आहेत, कोण कसं निवडतं ते. यामुळे काम चटकन होईल असं त्याला वाटलं. मी तिथेच उभी होते.

बाया त्याला परीक्षा समजल्या. जी नापास होईल तिला घरी पाठवतील, असा अर्थ त्यांनी आपसांत लावला. शेडमध्ये दिवसभर नेहमीच्या गप्पा नव्हत्या.

संध्याकाळी मी ताटं भिंगाखाली पाहिली. सगळी चांगली होती. सर्वांत चांगलं सावित्रीबाईचं होतं, आणि ते शक्य नाही. मग लक्षात आलं. प्रत्येकीनं आपल्या ताटातले निवडक दाणे चहाच्या सुट्टीत तिच्या ताटात सरकवले होते. काळे, पिवळे, अर्धे डागी, टोकाला करपलेले, प्रत्येकीच्या नजरेला जे बरोबर सापडतं ते. त्यांनी म्हातारीला वाचवलं होतं.

एकाच ताटात सगळ्या प्रकारचे खराब दाणे मिळाल्यामुळे मला तेच ताट सर्वांत उपयोगी पडणार आहे. मी त्यावर खूण करून ते कुलुपात ठेवलं.

जाताना सावित्रीबाईनं विचारलं, "पास झालो का मी?"

मी हो म्हणाले.

१२ डिसेंबर

मशीन आलं. क्रेन वेळेवर आली नाही म्हणून हमालांनी ते लाकडी ओंडक्यांवरून सरकवत आत नेलं. ओरखडा नाही.

बायांनी ते काय आहे म्हणून विचारलं. भुपेंद्र म्हणाला, धूळ साफ करायचं मशीन. फुलवंतानं माझ्याकडे पाहिलं. मी वायरिंगचा नकाशा उघडला आणि त्यात पाहत राहिले.

दुपारी त्यांनी आपणहून हळदकुंकू आणलं. गिरणीत नवं काही आलं की करतात. फुलवंतानं नारळ फोडला. सावित्रीबाईनं चाचपून काच शोधली आणि पदरानं पुसली. काच मोठी गुळगुळीत आहे, म्हणाली. मला त्यांनी प्रसाद दिला. मी खाल्ला.

२८ डिसेंबर

कंपनीचा माणूस तीन दिवस होता. हवेचा दाब, पन्हळीचा उतार, कॅमेरे सगळं जुळलं. त्यानं विचारलं, इतके चांगले नमुने कुणी निवडले. मी म्हणाले, आमच्या इथे निवडले.

३ जानेवारी २०२६

हे नीट लिहायचं आहे.

सकाळी आमगावला बस स्टँडजवळ योगराजची टोळी गाडीत बसत होती. गाठोडी, भांडी, दोन रांगांत बाया. योगराजनं मला हात करून थांबवलं. त्याच्या टोळीतल्या दोघी तापानं पडल्या होत्या.

"मॅडम, परत ठेवलेला विडा मी पुन्हा देत नाही. पन आज मीच मागून राहिलो. दोन जागा हायेत. फुलवंता अना दुसरी एखादी येत असन त दुपारपर्यंत गोंदियाले पाठवा. ट्रेन तिथून हाय."

सांगते, असं मी त्याला म्हणाले.

गिरणीत पोचले तेव्हा फुलवंता शेडच्या दारात सूप झटकत होती. तिनं हात वर केला. मी स्कूटी लावली. तिच्यापर्यंत जायला फार तर अर्धं आवार ओलांडायचं होतं. मी पॅनेल रूममध्ये गेले.

कारण लिहिते. शेठची भीती हे कारण नव्हतं. दोघी गेल्या तर उरलेल्या विचारतील, आणि सगळ्याच उठून जातील. सहा तारखेला मशीनची पहिली चाचणी आहे. एकाच धानाचा तांदूळ अर्धा हातानं आणि अर्धा मशीननं निवडून दोन्ही शेजारी ठेवायचे, अशी चाचणी मी स्वतः आखली आहे. हाताचा अर्धा भाग त्यांच्याकडे चालू होता. तो पुरा व्हायला मला त्या हव्या होत्या.

दुपारी ट्रेनची वेळ होऊन गेली. त्यानंतर मी शेडमध्ये गेले. फुलवंतानं जेवलात का म्हणून विचारलं.

७ जानेवारी

काल चाचणी झाली. मशीनचा तांदूळ हाताच्या तांदळाच्या बरोबरीचा निघाला आणि वेळ नगण्य लागला. शेठनी ओंजळीत घेऊन पाहिला, सगळ्यांना पेढे दिले. शेडमध्येही पाठवले.

आज सुट्टीच्या आधी भुपेंद्रनं बायांना सांगितलं की सोमवारपासून येऊ नका, लागलं तर बोलावू. तो पटकन बोलला आणि फोन कानाला लावून निघून गेला. त्या रडतील, भांडतील असं मला वाटलं होतं. कुणीच काही केलं नाही. रीना नावाची तरुण मुलगी एवढंच म्हणाली, की पेढा कशाचा होता ते आता कळलं. सावित्रीबाईनं विचारलं, शनिवारची कनकी मिळेल का.

सुपं त्यांची स्वतःची होती. भिंतीवरून काढून त्यांनी नेली. खिळे राहिले आहेत.

फुलवंता माझ्याजवळून गेली. मला माहीत होतं का, हे ती विचारेल म्हणून मी उभी होते. तिनं विचारलं नाही.

१० जानेवारी

तांदळाचा कोंडा काचेवर बसतो. काच दिवसातून कितीतरी वेळा पुसावी लागते, नाहीतर कॅमेऱ्याला चांगला दाणाही काळा दिसतो. त्यासाठी एक बाई ठेवायला शेठ तयार झाले. मीच ते पटवलं. फुलवंताचं नाव दिलं आणि सांगायला तिच्या घरी गेले. त्या घरी मी पहिल्यांदाच गेले. तिनं अंगणात बाज टाकली, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेतलं.

"सावित्रीबाईले ठेवा," ती म्हणाली.

मी सांगितलं की ते काम नजरेचं आहे. काच अस्वच्छ राहिली तर माल बिघडेल, आणि सावित्रीबाईला दिसत नाही हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

"मी कुठंबी जाऊ शकतो, मॅडम. तिचे पायबी गेले अना डोरेबी. तिले कोन नेईल? तुमी सांगाल त शेठ आयकते."

"आणि तुम्ही कुठे जाल?"

"पाहीन ना. योगराज त गेला."

हे तिनं तक्रार म्हणून म्हटलं नाही. मला दोन जागांचं सांगायचं होतं.  मी पाणी संपवलं आणि निघाले.

संध्याकाळी शेठना म्हणाले, सावित्रीबाईची नजर चांगली आहे, मी तपासली आहे. हे वाक्य तपासायची गरज नाही. ते पूर्ण खोटं आहे. मंडईतल्या खऱ्या वाक्यापेक्षा ते म्हणायला सोपं गेलं, हे मला विचित्र वाटलं.

२० जानेवारी

फुलवंता, रीना आणि आणखी दोघी काल गेल्या. मुकादम कुठला तरी अनोळखी आहे. त्यानं कुणाला विडा वगैरे दिला नाही. फोनवरून नावं घेतली आणि चौकात गाडी पाठवली. सावित्रीबाईनं काच पुसताना सांगितलं. बाकीच्या घरीच आहेत. एक जण शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकाला मदतनीस म्हणून विचारून आली. तिथे आधीच दोघी होत्या.

मशीन उत्तम चाललं आहे.

४ फेब्रुवारी

सावित्रीबाई काच गोल गोल पुसते. मधला भाग लख्ख होतो, कोपऱ्यांत कोंडा राहतो. ती चहाला गेली की मी कोपरे पुसून घेते. कुणी पाहत नाही. परवा एकदा राहून गेलं तर मशीननं चांगला तांदूळ फेकायला सुरुवात केली. भुपेंद्र धावत आला. मी सेन्सरवर खापर फोडलं.

रीनाचा फोन चार दिवस बंद आहे, असं तिची आई म्हणते.

११ फेब्रुवारी

बातमी आली. तो मुकादम त्यांना एका शेतावर सोडून निघून गेला. शेतमालक म्हणतो की माझा व्यवहार त्याच्याशी, तुमच्याशी नाही. चौघी मिरचीच्या शेताच्या बांधावर ताडपत्रीखाली राहत आहेत. पाणी लांबून आणावं लागतं. रीनाला ताप आहे. फुलवंतानं कुणाच्या तरी फोनवरून घरी एवढंच कळवलं, आणि गावाचं नाव.

मी योगराजला फोन लावला. त्याचा मुक्काम तिथून किती लांब आहे ते आधी नकाशात पाहून घेतलं होतं. त्यांना आपल्याकडे न्या, म्हणाले. परत ठेवलेल्या विड्याचा नियम माहीत आहे, तरी न्या, म्हणाले.

 तो म्हणाला, "त्या दिशी म्या दोन जागा सांगतल्या होत्या ना, मॅडम. तुमी सांगतला होता का तिले?"

"नाही."

"काऊन?"

मी चाचणीचं सांगू शकले नाही. फोनवर ते फार लहान वाटलं असतं. इथे लिहितानाही वाटतं आहे.

"पाहतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

१४ फेब्रुवारी

योगराज टेम्पो घेऊन गेला आणि चौघींना आपल्या मुक्कामावर घेऊन आला. रीनाला सलाईन लावली आहे. हे मला रीनाच्या आईनं सांगितलं. मी योगराजला फोन केला होता हे तिला माहीत नाही. आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं, की आता फुलवंताला दोन जागांचं कळेल.

२२ फेब्रुवारी

आई जेवताना म्हणाली की मी हल्ली फार लवकर गिरणीत जाते. नवं मशीन आहे, मी म्हणाले. हेही वाक्य खरं आहे.

१ मार्च

आल्या. होळीच्या आधी दोन दिवस.

मिरचीहून परतलेल्या बाया मजुरीतली काही मिरची घेऊन येतात आणि शेजारीपाजारी, ओळखीच्यांना ओंजळ ओंजळ वाटतात. फुलवंता दुपारी पोतं घेऊन गिरणीत आली. हाताची सालं निघालेली, चेहरा काळवंडलेला. चौकीदाराला दिली, बॉयलरवाल्याला दिली, सावित्रीबाईच्या पदरात ओतली. सावित्रीबाईनं मिरची नाकाशी धरली आणि जोरात शिंकली. दोघी हसल्या. फुलवंतानं मशीन पाहिलं, काच पाहिली.

"साफ ठेवतेस बाई," ती म्हणाली. "कोपरेबी."

"कोपरे मी सोडून ठेवतो मॅडमसाठी," सावित्रीबाई म्हणाली. "तेवढंच बरं वाटते तिले."

मी पॅनेलजवळ होते. मला वाटलं होतं तिला दिसत नाही.

मग फुलवंता माझ्याकडे आली.

"योगराजनं सांगतला मले. दोन जागा होत्या."

"हो."

"ते जाऊ द्या. मशीन येऊन बसली होती, तुमाले तुमचा काम होता." तिनं पोत्याची गाठ सोडली. "मंडईत मालूम होता का?"

पंधरवडाभर मी या प्रश्नाची तयारी केली होती. तारीख नक्की नव्हती, लेखी काही नव्हतं, निर्णय माझा नव्हता. तिन्ही खरं.

"होतं," मी म्हणाले.

तिनं पोत्याचं तोंड उघडलं.

"तुमची नोकरी हाय, बोलता नसन येत. पन विडा माया हातात होता, मॅडम. मी तुमच्याकडेच पाहून राहिली होती. तुमी नुसती मान हालवली असती."

 तिनं माझा जेवणाचा डबा उचलला, त्यात ओंजळभर मिरची ओतली, चौकीदाराला दिली तेवढीच, आणि झाकण लावून परत ठेवला.

२ मार्च

मिरची आईनं उन्हात घातली. कुणी दिली, तिनं विचारलं. फुलवंतानं, म्हणाले. मंडईतली तीच बाई का, तिनं विचारलं. हो. आईनं मिरच्या हातानं पसरल्या. मला वाटतं तिला तेव्हाच कळलं होतं.

६ मार्च

आज शेठनी पुन्हा दार लावलं आणि पंखा बंद केला. गोदामासाठी पोती भरून, शिवून, पट्ट्यावरून ट्रकपर्यंत नेणारं मशीन घ्यायचं ठरतं आहे. दिवाळीपर्यंत. हमाल निम्म्याहून कमी लागतील. बसवणं माझ्याकडे. "बात गोदाम में नहीं जानी चाहिए," शेठ म्हणाले आणि माझ्याकडे पाहत थांबले.

मी मान हलवली नाही. त्यांनी विचारलं, सुना ना? ऐकलं, मी म्हणाले. वाक्य खरं होतं. बाहेर आले तेव्हा मला माझी ही सवय ओळखू आली.

गोदामाच्या पायरीवर बुधराम बिडी ओढत होता. हमालांमध्ये तो सर्वांत जुना आहे. शेठनी कायले बोलावलं, म्हणून त्यानं विचारलं. मी सांगितलं. मशीनचं, दिवाळीचं, निम्म्यांचं. माझा आवाज अहवाल वाचल्यासारखा येत होता.

तो हसला. त्याचा माझ्यावर विश्वास बसला नाही. "आमच्या पाठीसारखी मशीन अजून कोनी बनवली नाही, मॅडम. लहान पोराले अर्जुनीच्या वीटभट्टीवरून बोलावून घेऊन राहिलो, माया जागेवर इथंच लावतो त्याले. लावू ना?"

बिडी त्याच्या बोटांत होती. तो माझ्याकडे पाहत होता.

मी मान हलवली. नाही म्हणून. तो हसतच होता, म्हणून पुन्हा हलवली.

मग त्यानं बिडी पायरीवर विझवली.